अंकलच्या म्हणण्यातली खोट

बरकतपुऱ्यात औषधांच्या दुकानाच्या वर एक क्लास भरतो. लॉ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी पोरं तिथे येतात आणि त्रिवेणी भालकीकर त्यांना तर्काचा पेपर शिकवते. तर्काचा पेपर म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट हुडकायचा उद्योग. एक उतारा देतात. त्यात कोणीतरी काहीतरी छातीठोकपणे सांगत असतो. वाचताना सगळं बरोबर वाटतं, शेवटही पटल्यासारखा होतो, पण मधेच कुठेतरी फळी निसटलेली असते. ती फळी कोणती, ते खालच्या चार पर्यायांतून ओळखायचं. बाकीचे मास्तर असले उतारे जुन्या पेपरांतून उचलतात. त्रिवेणी उचलत नाही. ती स्वतः रचते, आणि तिच्या उताऱ्यांत नेहमी एक अंकल असतो.

या अंकलला नाव नाही, आडनाव नाही. ‘एका अंकलचं म्हणणं असं आहे’ एवढ्यावर प्रश्न सुरू होतो. अंकल म्हणतात, आमच्या ओळखीतल्या एका मुलीने लॉ केलं आणि वर्ष भरलं नाही तोच तिचा संसार मोडला, तेव्हा मुलींनी लॉ करू नये. पोरं खिदळत पर्यायावर खूण करतात : एकानंतर दुसरं घडलं म्हणून पहिल्यामुळेच दुसरं घडलं असं अंकलनी धरलंय, आणि तेही एकाच मुलीवरून. पुढच्या आठवड्यात अंकल पुन्हा हजर. कधी ते इंजिनीयरिंगबद्दल बोलतात, कधी फ्लॅट घेण्याबद्दल, कधी भाच्याच्या लग्नाबद्दल. विषय बदलतो, खोट तीच.

“मॅडम, ये अंकल कू घर में कोई कुछ बोलता नहीं क्या?” एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला.

“सब डरते.”

“कायकू?”

“वकील हैं ना,” त्रिवेणी म्हणाली आणि फळा पुसायला वळली. सगळा वर्ग हसला. तिला ते हसणं इतकं गोड लागायचं की त्यासाठीच ती दर आठवड्याला नवा उतारा रचत असावी, असं म्हटलं तरी चालेल. पोरांना माहीत नव्हतं, पण ज्यांना ती पोरं हसत होती ते अंकल हाडामांसाचे होते, काचीगुड्यात राहत होते, आणि त्रिवेणीचे सख्खे काका होते.

एकनाथराव भालकीकर, वकील. निजामाच्या काळापासून या घराण्यातली माणसं कचेरीत, शाळेत नाहीतर कोर्टात. त्यातही एकनाथरावांचा दरारा वेगळा. कोणाचं लग्न ठरो, कोणी घर बांधायला काढो, कोणाच्या मुलाने शाखा निवडो, ‘काकांना विचारलं का?’ हा पहिला प्रश्न. काका आरामखुर्चीत टेकून ऐकून घ्यायचे, चष्मा काढून पुसायचे आणि निकाल द्यायचे. तो निकाल फिरवायची कोणाची छाती नव्हती.

त्रिवेणी बेंगळुरूच्या लॉ कॉलेजची परीक्षा पास झाली तेव्हा नुकती बारावी झालेली होती. काचीगुड्यातल्या भालकीकरांपैकी कोणी असल्या परीक्षेला बसलंही नव्हतं. ती आनंदाने नाचायचीच बाकी होती. वडील, प्रभाकर, हळू आवाजाचे सरकारी नोकर. ते म्हणाले, छान झालं, आता काकांना विचारू. म्हणून बापलेक काकांच्या ऑफिसच्या खोलीत जाऊन बसले. आई, सुलभा, आत स्वयंपाकघरात काकूंजवळ होती.

काकांनी चष्मा पुसला. “त्या वैजयंतीने लॉ केलं. काय झालं? वर्ष भरलं नाही तोच माहेरी परत. आपल्या घराण्यात आजवर एक तरी मुलगी वकील झाली का? नाही. म्हणजे ते मुलींना झेपत नाही. आणि पोरगी एकतर घराची राहते, नाहीतर कोर्टाची. दोन्हीकडची राहत नाही.” एवढंच. आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही. त्रिवेणीला कळत होतं की यात काहीतरी धडधडीत चुकतंय. पण काय चुकतंय त्याला शब्द सापडेनात, आणि ती चक्क रडायला लागली. वडील हळूच म्हणाले, “बघ बाई, काकाच नको म्हणतात. मी काय करू?” इथेच शहरात लॉ करते, असं म्हणायलाही वाव उरला नाही, कारण काकांनी बेंगळुरूचं नावच घेतलं नव्हतं. त्यांनी वकिलीच मोडीत काढली होती.

मग बी.कॉम. झालं, एम.ए. झालं, शाळेत नोकरी झाली, ती सुटली, आणि फिरत फिरत त्रिवेणी या क्लासमध्ये आली. पहिल्याच दिवशी तिने तर्काच्या पुस्तकातलं खोटांचं प्रकरण उघडलं. काकांची तिन्ही वाक्यं तिथे होती. वेगवेगळ्या नावांखाली, वेगवेगळ्या उदाहरणांत, पण होती. ज्या शब्दांवाचून ती काकांपुढे रडली होती ते शब्द छापील मिळत होते. ती त्या दिवशी घरी गेली, जेवली नाही, आणि मनाशी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही.

ज्याला सोडायचं नाही त्याचं करायचं काय, हे मात्र तिला ठरवता येईना. काका मोठे, आदराचे. सणावाराला त्यांच्या पाया पडायला जावंच लागायचं. ती वाकायची, काका डोक्यावर हात ठेवायचे, ‘सुखी राहा’ म्हणायचे, आणि ती मनात म्हणायची, ‘पर्याय क.’ मग घरी येऊन एक नवा उतारा रचायची. अशी वर्षं गेली. काकांची तीन वाक्यं तिने किती वेषांत नटवून पोरांपुढे उभी केली त्याला गणती नाही. शहरातल्या निम्म्या तरुण वकिलांनी कधीतरी एकनाथरावांना खोटं पाडून आपले मार्क मिळवले असतील.

या धंद्याने तिच्या स्वभावाची पार वाट लावली, हेही सांगायला हवं. तिला कोणाचं साधं बोलणं साधेपणाने ऐकताच येईना. गौलीगुड्याच्या बाजारात दुकानदार म्हणाला, “मॅडम, सब लोगां येइच ले रहें,” की ही म्हणणार, “सब लोगां ले रहें बोलके अच्छा हो जाता क्या?” तो बिचारा कुकरच्या झाकणाकडे बघत राहायचा. नातेवाइकांत तिला सगळे टरकून असत. लग्न झालं नाही. स्थळं यायची आणि जायची, आणि घरात त्याचा फारसा बोभाटा व्हायचा नाही. भाऊ अजय कॅनडात गेला तो तिकडचाच झाला. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं त्रिवेणीनेच केलं, शेवटपर्यंत. आता घरात आई आणि ती. चाळिशी कधीच मागे पडली. आणि या सगळ्याचा हिशेब तिने एकाच माणसाच्या नावावर लिहून ठेवला होता. काकांनी त्या दिवशी ‘जाऊ दे पोरीला’ म्हटलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं, असं तिचं पक्कं मत होतं.

तिला हवं होतं ते फार नव्हतं. सगळ्या भालकीकरांसमोर काकांनी ‘मी चुकलो’ म्हणावं, बस. एकांतात नाही. सगळ्यांसमोर.

मग एके दिवशी काकांचा मुलगा किशोर आपल्या मुलीला घेऊन क्लासचा जिना चढून आला. “त्रिवेणीताई, ही हर्षदा हट्टाला पेटलीय. लॉच करायचं म्हणते. जरा बघ हिच्याकडे.”

त्रिवेणीने हर्षदाकडे बघितलं. उंच, दाट केसांची, कानात इयरफोन, चेहऱ्यावर काकांचं नाक. हसून ती म्हणाली, “बघते की.”

इतर पोरांना ती शिकवत होती. हर्षदाला तिने धार लावली. वर्ग सुटल्यावर थांबवून घ्यायची, एकेक खोट उलटीपालटी करून विचारायची. नुसता पर्याय ओळखून भागायचं नाही, उभं राहून मोठ्याने सांग, समोरचा डोळे वटारतोय असं समजून सांग. हर्षदा हुशार होती. मराठी वाचताना अडखळायची, बोलताना तीन भाषांची भेळ करायची, पण डोकं चाकूसारखं. आणि अंकल तिचा फार लाडका. “आत्या, हे अंकल म्हणजे एकदम कॉमेडी आहेत,” ती म्हणायची. आपले आजोबा यात असतील अशी शंकाही तिला शिवली नाही. तिचे आजोबा म्हणजे चहात बिस्कीट बुडवून मऊ करून खाणारा, टीव्हीचा रिमोट शोधत फिरणारा गरीब म्हातारा. त्रिवेणीने तिला काही सांगितलं नाही. आजोबांना नातीच्या हातून पाडायचं, यासारखा दुसरा सूड नाही असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटून घ्यायची तिला लाज वाटत नव्हती.

निकाल लागला. हर्षदाला भोपाळच्या कॉलेजात जागा मिळाली. पेढे घेऊन आलेल्या किशोरचं तोंड मात्र एवढंसं.

“भोपाळ लांब आहे गं, ताई. बाबा काय म्हणतात ते बघू.”

तेच वाक्य. त्रिवेणीने पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाली, “हौ, विचारायलाच हवं. असं कर, पुढच्या रविवारी काकांचं सहस्रचंद्रदर्शन आहेच. सगळे जमतील. तेव्हाच विचार, म्हणजे सगळ्यांसमोर आशीर्वादही होईल.”

किशोर लगेच कबूल झाला. इतक्या लगेच, की दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तिने दहा शंका काढल्या असत्या. पण त्या क्षणी तिला शंका काढायची नव्हती. ती घरी गेली ती जवळजवळ उड्या मारत.

रविवारी बरकतपुऱ्यातला हॉल भरून गेला होता. एकनाथराव पिवळ्या पितांबरात, खांद्यावर शाल, शेजारी काकू नव्या नऊवारीत. सुवासिनींनी ताटभर दिवे उजळून ओवाळलं. पुरोहित घाई करत होते, त्यांना पुढे आणखी एका ठिकाणी जायचं होतं. आत पुरणपोळीच्या वासात खट्ट्या डाळीचा आणि डबल का मीठा या पावाच्या गोड पदार्थाचा वास मिसळला होता. परभणीहून, नांदेडहून माणसं आली होती. त्रिवेणीने आईला पुढच्या रांगेत बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली, जिथून काकांचा चेहरा नीट दिसेल.

सत्काराची भाषणं झाली. मग किशोरने माईक घेतला. “बाबा, आजच्या दिवशी एक विचारायचं आहे. हर्षदाला भोपाळला लॉला जागा मिळालीय. तुमचा शब्द आमच्या घरात शेवटचा. तुम्ही काय म्हणता?”

एकनाथरावांनी चष्मा काढला. पुसला. म्हातारपणाने आवाज फाटला होता, म्हणून किशोरने माईक त्यांच्यापुढे धरला.

“त्या वैजयंतीने लॉ केलं,” ते म्हणाले. “काय झालं? वर्ष भरलं नाही तोच माहेरी परत.”

शब्दाला शब्द. या माणसाने एवढ्या वर्षांत एक शब्द बदलला नव्हता. त्रिवेणीने हर्षदाकडे बघितलं. हर्षदाचं तोंड उघडं पडलं होतं, आणि मग ती फिस्सकन हसली.

“आजोबा! आत्याच्या पेपरमधले अंकल तुम्ही आहात?”

“कोण अंकल?”

“नाही, म्हणजे... आजोबा, त्या वैजयंतीबाईंचं लग्न लॉमुळे मोडलं हे कोणी सांगितलं? लॉ आधी झालं, लग्न नंतर मोडलं, एवढंच ना? ज्यांनी लॉ केलं नाही त्यांची लग्नं मोडत नाहीत का?” मागून कोणीतरी बाई हसली. हर्षदाला जोर चढला. “आणि एका बाईवरून सगळ्या बायकांचं कसं काय ठरवता?”

“आपल्या घराण्यात आजवर एक तरी मुलगी वकील झाली का?” काकांनी पुढचं वाक्य काढलं.

“होऊ कोणी दिलं का? जिला दारातूनच परत पाठवलं तिला आतलं काम झेपत नाही म्हणायचं, हे खामखा नाही का, आजोबा?”

आता अर्धा हॉल हसत होता. नांदेडचे एक वयस्क गृहस्थ चक्क टाळी वाजवून गेले. किशोरचा चेहरा लाल. काका मात्र शांत.

“पोरगी एकतर घराची राहते, नाहीतर कोर्टाची.”

“तुम्ही दोनच रस्ते दाखवता, आजोबा. तिसरा आहे. तुम्ही नाही का, आयुष्यभर कोर्टातही होता आणि घरातही होता? तुम्हाला जमलं ते मला का नाही जमणार?”

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. नातीकडे बघितलं. मग हात जोडले आणि माईकमध्ये म्हणाले, “हरलो. मी चुकलो. जाऊ द्या पोरीला.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. हर्षदा धावत जाऊन आजोबांच्या गळ्यात पडली. आणि त्रिवेणी भिंतीला टेकून उभी होती, आणि तिला इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर दिसेल म्हणून तिने पदर तोंडाशी धरला. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते तिच्या कानांनी तिने ऐकलं होतं. सगळ्या भालकीकरांसमोर. माईकवर.

पण सूड घेतल्यावर समोरच्याला तो कोणी घेतला हे कळायलाही हवं. पंगती बसू लागल्या तशी ती स्टेजवर गेली. काका एकटेच खुर्चीत बसले होते, गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवलेला.

“काका, हर्षदाला मी शिकवलं.”

“ते का सांगायला हवं? कळलं मला.” ते हसले. “फार छान शिकवलंस. मन भरलं का?”

“नाही. तिच्यासाठी चुकलो म्हणालात. माझ्यासाठी अजून म्हणाला नाहीत.”

“तुझ्यासाठी कसं म्हणू? ते माझं म्हणणं नव्हतंच.”

“वाक्यं तुमची होती.”

“वाक्यं माझी. दावा माझा नव्हता.” काका खुर्चीत पुढे सरकले. “तू वकिलाच्या घरातली पोर, इतकी वर्षं वाक्यं तपासत बसलीस, आणि वकालतनामा कोणाचा ते विचारलं नाहीस. परवा किशोर येऊन म्हणाला, बाबा, मला तिला पाठवायचं नाही, पण नाही म्हणायची हिंमत नाही, तुम्ही म्हणा. म्हणून मी आज बोललो. तुझ्या वेळीही तेच. तुला घेऊन प्रभाकर आला ना, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो आणि सुलभा दोघं येऊन गेले होते. म्हणाले, पोरगी पास झालीय, आमच्याच्याने तिला अडवणं होणार नाही. तुम्ही अडवा. तुमच्यावर रागावली तर चालेल, आमच्यावर रागवायला नको.”

त्रिवेणी काकूंच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

“मी म्हटलं, अरे, मग इथेच शहरात करू दे लॉ. तर म्हणाले, नको, वकीलच नको व्हायला. आता मी काय करणार? मी जाणूनबुजून अशी कारणं काढली की कोणीही उठून फाडून टाकावीत. मला वाटलं, एवढी परीक्षा पास झालेली पोर, ही मला दोन मिनिटांत गप्प करील आणि मी प्रभाकरला म्हणेन, बघ बाबा, हरलो. आज म्हटलं तसं.” ते थांबले. “पण तू रडायला लागलीस. मग मी जिंकलो. काय करू?”

“तुम्हाला तेव्हा थांबता आलं असतं.”

“आलं असतं. थांबलो नाही. मुवक्किलाचं काम घेतलं की निभवायचं, ही सवय. त्याचा दोष मला दे, मी घेतो. पण एकट्यालाच देऊ नकोस.”

तेवढ्यात कोणीतरी पाया पडायला आलं आणि काका ‘सुखी राहा’ म्हणू लागले.

त्रिवेणी जेवली नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ती विचार करत राहिली. म्हातारा वकील आहे, आपली मान सोडवायला मेलेल्या भावावर ढकलत असेल. पण एखाद्याला खोटं बोलण्यात फायदा आहे म्हणून तो खोटंच बोलतोय असं होत नाही, हे ती स्वतःच पोरांना घोकून घेत आली होती. खरं काय ते सांगू शकणारं एकच माणूस आता जगात होतं, आणि ते पुढच्या पंगतीत बसून डबल का मीठा मागून घेत होतं.

परतताना ऑटोत तिने विचारलं. आईच्या मांडीवर प्रसादाची पिशवी होती.

“आई, मी बेंगळुरूला पास झाले तेव्हा तू आणि बाबा आधी काकांकडे गेला होतात?”

“आज ते काय उकरतेस गं? एवढा छान दिवस.”

“गेला होतात का?”

आईने मांडीवरची पिशवी सरळ केली. काचीगुडा स्टेशनच्या बाजूने माणसांचा लोंढा येत होता, ऑटो अडकला होता. “हौ,” ती शेवटी म्हणाली. “गेलो होतो.”

“का?”

“का म्हणजे? परदेशी जायचं अजयच्या मनात तेव्हाच पक्कं होतं, तुला माहीतच आहे. तूही वकील झाली असतीस तर कशाला राहिली असतीस आमच्याजवळ? आणि म्हातारपणी कोणीतरी जवळ हवं ना? म्हणून.” मग तिने त्रिवेणीच्या हातावर हात ठेवला. तिच्या आवाजात लाज नव्हती, उलट माया होती. “आणि बघ, झालंच ना तसं? बाबांचं शेवटचं सगळं तूच केलंस. अजय असता तर केलं असतं का? तू होतीस म्हणून निभलं.”

त्रिवेणीने सवयीने ते बोलणं तपासायला घेतलं. अजय जाणार होता. खरं होतं, गेला. ती वकील झाली असती तर राहिली असती का? तिने स्वतःशी प्रामाणिकपणे बघितलं. नसती राहिली. म्हातारपणी कोणीतरी जवळ लागतं. लागलंच. म्हणून मुलीला वकील होऊ द्यायचं नाही. ती पुन्हा पहिल्यापासून बघत गेली. प्रत्येक फळी जागच्या जागी होती. काकांच्या बोलण्यात खोट होती म्हणून ती इतकी वर्षं जगली होती, त्यावर हसून, पोरांना हसवून. या बोलण्यात खोट नव्हती. जे व्हावं म्हणून आईबाबांनी केलं होतं ते तंतोतंत झालं होतं, आणि ते म्हणजे ती स्वतः.

तिला आपल्या हातावरचा आईचा हात जड वाटायला लागला. तिने तो उचलून आईच्याच मांडीवर ठेवला.

घराशी ऑटो थांबला. त्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्रिवेणी नेहमी एक पायरी मागे राहून तिच्या कोपराला आधार देते आणि दोघी थांबत थांबत चढतात. आज त्रिवेणी उतरली, भाडं दिलं आणि सरळ जिना चढायला लागली.

“अगं, हात दे ना,” मागून आई म्हणाली.

ती चढत गेली. कुलूप उघडलं, आत जाऊन खुर्चीत बसली. दार उघडंच होतं. खालून आईच्या बांगड्या कठड्यावर वाजल्याचा आवाज आला, मग एक पायरी, मग बराच वेळ काही नाही. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. त्रिवेणीला वाईट वाटत होतं, खरोखर वाईट वाटत होतं. पण त्याच्याही तळाशी काहीतरी शांत, गार आणि समाधानाचं होतं, आणि ते तिला हॉलमधल्या टाळ्यांनी मिळालं नव्हतं.

“त्रिवेणी,” जिन्यातून हाक आली. “अगं त्रिवेणी, येतेस ना?”

त्रिवेणीला हाक स्पष्ट ऐकू आली. तिने ओ दिली नाही.